पट्टीवरचा हात

माझ्या दादाला ऐकू येत नाही, आणि त्याचा स्वतःचा आवाज मात्र असा खणखणीत आहे की त्याची गुपितं सगळ्यात आधी जिन्याला कळतात. तो वरच्या मजल्यावर राहतो, मी बरोबर त्याच्या खाली. मी शिवणकाम करते. मशीन थांबवून कान दिला की दादाने आज कुणाला काय सुनावलं ते मला घरबसल्या कळतं. समोरच्याचे ओठ बघून त्याला बोलणं समजतं, पण समोरचा जरा तोंड फिरवून बोलला की संपलं. मग तो चिडतो, समोरचाही चिडतो, आणि दोघांपैकी एकालाच दुसऱ्याचं चिडणं ऐकू येतं.

कान गेले ते छापखान्यात. ऐन तारुण्यात तो तिथल्या सगळ्यात मोठ्या मशीनवर लागला. ते मशीन सुरू झालं की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे. कानात घालायला बोळे मिळायचे, पण हा शहाणा ते खिशात ठेवायचा. मशीनच्या आवाजावरूनच त्याला कळायचं म्हणे, कुठला रूळ कुरकुरतोय ते. मशीन बरोबर राहिलं, कान गेले. छापखान्यातून त्याने घरी एकच गोष्ट आणली, ती म्हणजे तिथली शिस्त. पहिला कागद बाहेर आला की तो उजेडात धरायचा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि मगच मशीन सोडायचं, म्हणजे पुढची छपाई चालू करायची. मालक डोक्यावर उभा राहून ओरडला तरी दादाने पहिला कागद पाहिल्याशिवाय कधी मशीन सोडलं नाही. शेवटी शेवटी तर मालकाचं ओरडणं त्याला ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे ते सोपं गेलं.

काम सुटल्यावर तो घरी बसला. पुरुष माणूस घरी बसला की एक तर भिंतींना रंग काढतो नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतो. दादाने दोन्ही केलं, वहिनीने दोन्हीतून त्याला हाकललं, आणि मग त्याला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड लागलं. खिडकीपाशी टेबल टाकलं. डाग द्यायच्या राळेचा वास घरभर पसरला. तारा जोडायला डाग देता देता बोटं भाजून घ्यायची आणि मोठ्याने हाय हाय करायचं, असा कार्यक्रम सुरू झाला. त्या टेबलावर एक काळी, चपटी, खूप पायांची चिप असायची. वहिनी तिला झुरळ म्हणायची.

त्या झुरळाशी बोलण्यासाठी दादा सी नावाची भाषा शिकला. कॉम्प्युटरवर ओळींमागून ओळी लिहायच्या, प्रत्येक ओळ अर्धविरामाने संपवायची आणि मग ते सगळं एका तारेतून झुरळाच्या पोटात चढवायचं. एक अर्धविराम राहिला की दिवसभर डोकं धरून बसायचं. वहिनी मला म्हणायची, “वन्सं, तुमचा भाऊ माझ्याशी धड एक वाक्य बोलत नाही, आणि त्या झुरळाला बघा, पानंच्या पानं लिहितोय.” ती म्हणत होती ते खोटं नव्हतं.

त्याने जे जे बनवलं ते ते नेटवर खुलं टाकलं. जोडणीचं चित्र, प्रोग्रॅमच्या ओळी, सगळं. कुणीही घ्या, करून बघा, बदला, बिघडवा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्याचं काम घेऊन आपापल्या घरी तसंच काही बनवायची आणि त्याला लिहायची. त्यांना तो “आमचे लोक” म्हणायचा. आम्ही मग कोणाचे, असं विचारावंसं वाटायचं. इथेही छापखान्याचीच शिस्त होती: आपल्या घरात चालवून पाहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट लोकांसाठी सोडायची नाही. प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलला तरी आधी तो घरच्या झुरळात चढवायचा, डोळ्यांनी बघायचं, मग बाहेर.

आता दिव्याचं सांगते.

वहिनी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी, गाद्यांच्या खोळी, डॉक्टरांचे कोट. तिचे हात कायम ओलसर आणि पांढरे पडलेले असत. एकदा ती किल्ली घरी विसरली. संध्याकाळी आली, दार वाजवलं, बेल दाबली, दार बडवलं. मी नेमकी बाहेर गेले होते. दादा आत टेबलाशी पाठ करून बसला होता. मी परत आले तेव्हा वहिनी वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजलेले, आणि आतून दादाचं हाय हाय ऐकू येतंय. ती हसत होती, पण डोळे भरले होते. मी म्हटलं, “वहिनी, दार फोडायचं होतंस.” ती म्हणाली, “फोडलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.”

दादाच्या ते फार मनाला लागलं. पुढचे कित्येक दिवस ती यायच्या वेळेला तो जमिनीवर बसून काम करायचा, पाठ दाराला लावून. दार वाजलं तर पाठीला कळावं म्हणून. मला तेव्हा हसू आलं होतं. मोठा माणूस, मांडीवर तारा, आणि दाराला चिकटून बसलाय.

मग त्याने दिवा केला. दाराबाहेर चौकटीवर पितळेची एक पट्टी लावली, तळहाताएवढी. तिच्यापासून एक तार आत टेबलावरच्या झुरळाच्या एका पायाला. पट्टीवर हात ठेवला की टेबलावरचा दिवा पेटे. पिवळा, मऊ उजेडाचा. बोट लावलं तर जरासा पेटून विझे, हात ठेवून दिला तर पेटलेला राही. आम्ही सगळे बोट लावून मोकळे व्हायचो. वहिनी मात्र जिना चढून दमलेली असायची, ती पूर्ण पंजा पट्टीवर टेकायची आणि तशीच उभी राहायची, श्वास बसेपर्यंत. दिवा किती वेळ पेटलेला राहतो यावरून दादाला कळायचं की तीच आहे. उठता उठता तो आतूनच ओरडायचा, “आलो गं!” आणि सगळ्या जिन्याला कळायचं, वहिनी आली.

पट्टीचा मधला भाग तिच्या हाताने घासून घासून चकचकीत झाला होता. कडा काळवंडलेल्या, मधे पंजाएवढं पितळ लखलखीत.

त्या दिव्यात एक खोट होती. नवशिके सगळेच करतात ती चूक. पट्टीची तार नुसतीच झुरळाच्या पायाला जोडलेली, आणि प्रोग्रॅम असा की पायाला एकदाच विचारायचं, हात आहे का? हो आलं की लगेच विश्वास ठेवायचा आणि दिवा लावायचा. अशी मोकळी तार हवेतलंही काही बाही पकडते. खाली पाण्याचा पंप सुरू झाला की त्याच्या विजेची थरथर त्या पट्टीपर्यंत पोचे आणि दिवा आपोआप पेटे. दादा जाऊन दार उघडी, बाहेर कुणी नाही. वहिनी आत पलंगावर पाय पसरून बसलेली. ती म्हणायची, “माझी सवत आली वाटतं. घ्या आत.” दादा म्हणाला, दुरुस्त करतो, तर तिनेच नको म्हटलं. “राहू द्या. तेवढेच खुर्चीवरून उठता. सवतीसाठी का होईना.”

मग वहिनी गेली. आजार लहान होता, गेली मात्र पटकन. दवाखान्यातून दादा माझ्याबरोबर परत आला, जिना चढला आणि दारापाशी पट्टीसमोर उभा राहिला. मला वाटलं हात लावील. त्याने लावला नाही. किल्लीने दार उघडलं आणि आत गेला.

पंपाचं कुणी काही बदललं नाही. पंप संध्याकाळी सुरू व्हायचा, वहिनी यायची त्याच सुमाराला. ती होती तेव्हा सवत कधी आणि ती कधी हे एकमेकांत मिसळून जायचं. आता मिसळायला काही उरलं नव्हतं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला चहा द्यायला वर गेले होते. आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो. दार बंद. बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होते. आणि दिवा पेटला. जरासा नाही. पेटला आणि राहिला. पंजा टेकून कुणीतरी श्वास घेत उभं असावं तसा. सुई बोटात घुसली तेही मला नंतर कळलं. दादा उठला. घाई नाही, काही नाही. शर्ट खाली ओढून नीट केला, दार उघडलं, जिन्याकडे पाहिलं आणि दार लावून परत येऊन बसला.

“पंप,” तो म्हणाला.

“माहीत आहे ना तुला? मग उठतोस कशाला?”

“माहीत आहे म्हणून बसून राहायचं?” त्याचा आवाज वाजवीपेक्षा मोठा होता, नेहमीसारखाच. “आणि नसला पंप तर?”

मी त्याला बोलले. खूप बोलले. म्हटलं, तू त्या यंत्रांतला माणूस, तुला तार कळते, वीज कळते, आणि तू असं वेड्यासारखं करतोस. दुरुस्त कर आणि मोकळा हो. तो माझ्या ओठांकडे बघत होता, पण मधेच त्याने मान फिरवली. त्याला ऐकायचं नसलं की तो मान फिरवतो, एवढी सोय त्याच्या बहिरेपणात आहे. मग पट्टीकडे हात करून म्हणाला, “ती म्हणाली होती राहू द्या.”

त्यानंतर संध्याकाळी वर जायचं माझ्या जिवावर यायला लागलं. जिन्यात पंपाची घरघर ऐकू आली की मी कठडा धरून भराभर उतरायची. आता वर दिवा पेटला असेल, आता तो शर्ट नीट करत असेल, आता दार उघडत असेल. आणि खरंच वरून कडी निघाल्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग कडी लागल्याचा. मी शिवायला बसले की पायाखालचं मशीन त्या वेळेला आपोआप थांबायचं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ती वेळ झाली की वहिनी जिन्यात आहे असं मला वाटायचंच, आणि दादा एकटाच वेडा आहे असं म्हणायची माझी सोय राहिली नाही.

अशात एका बाईचा निरोप आला. कुठल्या तरी लांबच्या गावची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. दादाचं खुलं काम बघून तिने आपल्या बहिऱ्या आईसाठी अगदी तसाच दिवा बनवला होता. तिचा निरोप दादाने मला कॉम्प्युटरवर दाखवला. आई दुपारी आडवी झाली होती. दिवा पेटला. तिने दार उघडलं, कुणी नाही. आलेलं माणूस परत चाललं असं समजून ती त्याला गाठायला घाईने जिना उतरली आणि पडली. मनगट मोडलं. बाईने लिहिलं होतं, तुम्हाला दोष देत नाही, पण हे दुरुस्त होईल का?

दादाने त्याच दिवशी दुरुस्ती लिहून काढली. मला समजावून सांगितली, मी विचारलं नसताना. आता पायाला एकदाच विचारायचं नाही, पुन्हा पुन्हा विचारायचं. हवेतली थरथर मधेच हो म्हणते, मधेच नाही म्हणते. हात असला की सतत हो येतं. प्रत्येक वेळी हो आलं तरच दिवा लावायचा. “मामुली काम आहे,” तो म्हणाला.

“मग पाठव की तिला.”

तो टेबलावरच्या तारा आवरायला लागला.

“दादा, पाठव ना. थांबलायस कशाला?”

“घरी चालवून बघितलं नाही अजून.”

तेव्हा मला उमगलं तो कुठे अडकलाय. घरी चालवायचं म्हणजे घरच्या झुरळात चढवायचं. चढवलं की संध्याकाळी पंप कितीही घरघरला तरी दिवा पेटणार नाही. मी म्हटलं, “एवढ्या वेळेला न बघता सोड. तुझे लोक बघून घेतील.” तो माझ्यावर असा काही ओरडला की शेजारणीने दार उघडून पाहिलं. पहिला कागद न बघता त्याने आयुष्यात मशीन सोडलं नव्हतं. आणि ज्या दिव्याने एका म्हातारीचं मनगट मोडलं, त्याच दिव्याची दुरुस्ती तो डोळे मिटून सोडणार होता होय! तो बरोबर होता, म्हणून तर मला जास्त राग आला.

दिवस गेले. पंप चालू व्हायचा, वर कडी निघायची, कडी लागायची. दुरुस्ती कॉम्प्युटरमध्ये पडून होती. त्याच्या जेवणाचं ताट मी वर नेई आणि तसंच अर्धं परत आणी. दाढी वाढली. डोळे सारखे दिव्याकडे. एकदा मला म्हणाला, “आता सवत कोण आणि ती कोण, मला कळेनासं झालंय गं.” हे तो जमेल तितकं हळू म्हणाला, आणि तरीही खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार.

मग त्या बाईचा दुसरा निरोप आला. मी दिव्याची तार काढून ठेवली आहे, तिने लिहिलं होतं, पण आता आई दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून बसते. प्लॅस्टर न घातलेला हात दारावर ठेवून. कुणी वाजवलं तर हाताला कळावं म्हणून. जेवायलाही उठत नाही.

दादाने ते वाचलं आणि मला दाखवलं. मला तो आठवला, दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेला, मांडीवर तारा. त्यालाही तेच आठवत असणार. त्याने चष्मा काढून पुसला.

“उद्या संध्याकाळी वर ये,” तो म्हणाला. “मला पंप ऐकू येत नाही. कुणीतरी सांगायला हवं.”

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्याने दाढी केली होती. नवा प्रोग्रॅम चढवून झाला होता. कॉम्प्युटरची तार काढून गुंडाळून ठेवली होती. आम्ही दोघं दिव्यासमोर बसलो. मी कान खाली लावून आणि तो डोळे दिव्याला लावून. खालून घरघर सुरू झाली. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “सुरू झाला.”

दिवा पेटला नाही.

पंप चालू होता. एरवी कधी सुरू होतो आणि कधी थांबतो याकडे लक्षही जात नाही, त्या दिवशी मात्र तो संपता संपेना. दादा पापणी न हलवता बघत होता. मला वाटत होतं, पेटावा. देवाशपथ सांगते, त्या लांबच्या म्हातारीचं मनगट गेलं खड्ड्यात, तो दिवा पेटावा असं मला वाटत होतं. तो काळाच राहिला. मग घरघर थांबली.

“थांबला,” मी म्हटलं.

“नक्की चालू होता?”

“होता रे.”

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ.”

त्याने मान हलवली. मग बाहेर जाऊन पट्टीवर बोट लावलं. दिवा पेटला आणि विझला. आत येऊन म्हणाला, “चाललं.” कॉम्प्युटरपुढे बसला आणि त्याने दुरुस्ती सगळ्यांसाठी सोडली. मी खाली आले आणि तोंडात पदर कोंबून रडले. त्याला ऐकू गेलं नसतं हे माहीत असूनही.

थोड्या दिवसांनी त्या बाईने लिहिलं की दिवा आता मुळीच खोटा पेटत नाही. आई पुन्हा आपल्या पलंगावर झोपते. खुर्ची दारापासून हलवली. दादाने मला मुद्दाम वर बोलावून ते वाचायला लावलं. तो बरा दिसत होता. जेवत होता. संध्याकाळी कडी निघत नव्हती, माझं मशीन थांबत नव्हतं. मी म्हटलं, सुटला एकदाचा.

मग एक दिवस मी बाजारातून परस्पर वर गेले. हातात पिशव्या, वर कापडाचा गठ्ठा, जिना चढून दम लागलेला. पिशव्या खाली ठेवल्या, पट्टीवर हात टेकला आणि श्वास बसेपर्यंत तशीच उभी राहिले. काही मनात नव्हतं. हाताखाली पितळ थंडगार लागत होतं, एवढंच आठवतं.

दार खाडकन उघडलं. दादा अनवाणी. चष्मा कपाळावर, खुर्ची मागे आडवी पडलेली. त्याचा तो चेहरा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघत होता. मग त्याची नजर खाली माझ्या हातावर आली. हात अजून पट्टीवरच होता.

“तू होय,” तो म्हणाला.

मी पिशव्या उचलून आत आले. त्याने खुर्ची उभी केली, पण बसला नाही. पाठ करून बोलला, मला उत्तर देता येऊ नये म्हणून.

“आधी पेटायचा तेव्हा मी उठायचो, पण मला ठाऊक असायचं, पंप असेल. आता तो खोटा पेटत नाही. मीच तसं केलंय, तुझ्यासमोर तपासलंय. हात असल्याशिवाय पेटत नाही. आणि मघाशी पेटला, आणि राहिला...”

सगळा जिना गप्प होता.

तेव्हापासून मी पट्टीला नुसतं बोट लावते, आणि लगेच काढून घेते.